धोतराचं घरटं

सकाळचा रिपोर्ट बघून मी थेट लॅबला फोन लावला.

"नमुना बदललाय तुमचा. नीट बघा."

"सिस्टर, दोनदा लावला. एकवीसच येतंय."

एकवीस हा बिलिरुबिनचा आकडा, म्हणजे कावीळ किती आहे त्याचं माप. नवजात बाळाला थोडी कावीळ होतेच, बहुतेकांची आपोआप जाते. पण आकडा विशीच्या पुढे गेला की ती मेंदूत उतरायची भीती असते. मेंदूत उतरली तर बाळ दगावतं, नाहीतर ऐकू न येणारं, मान न धरणारं होऊन राहतं. आदल्या दिवशी याच बाळाचा आकडा पंधरा होता. उतरायला लागलेली कावीळ आमच्या एनआयसीयूत, आमच्या डोळ्यांदेखत वर कशी चढली?

मी सोलापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात वीस वर्षं नवजात बाळांच्या आयसीयूची इन्चार्ज सिस्टर होते. मागच्या वर्षी रिटायर झाले. तोंडाची फटकळ म्हणून माझी ख्याती होती, पण कामात चूक काढायची कुणाची हिंमत नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची गोष्ट माझ्या चुकीची आहे.

फाइलवर नाव होतं 'बेबी ऑफ सविता'. आमच्याकडे बाळं आईच्या नावानंच येतात. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेला मुलगा. सविता अक्कलकोट तालुक्यातली, बाळंतपणाला माहेरी गेलेली. बाळंतपण तिथं जवळच झालं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. पाचव्या दिवशी बाळ हळदीसारखं पिवळं, दूध ओढेना, लघवी कोऱ्या चहासारखी. तिचा नवरा मल्लिनाथ एमआयडीसीत लूमवर कामाला. तो पाळी अर्धी टाकून आला आणि सगळ्यांना घेऊन आमच्याकडे पोचला.

दाखल करताना आमची एक प्रश्नांची यादी असते. गुटी दिली का? काजळ घातलं? कसला काढा? आईनं कुठलं औषध घेतलं? घरात डांबराच्या गोळ्या वापरता का? मल्लिनाथनं सगळ्याला पटापट 'नाही' सांगितलं आणि खाली सही केली. डांबराच्या गोळ्यांचं कारण असं, की काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक एन्झाइम कमी असतं. त्याला जी-सिक्स-पीडी म्हणतात. ते लाल पेशींना सांभाळतं. ते कमी असलं आणि या गोळ्यांचा वास बाळाच्या अंगात गेला, तर पेशी फुटायला लागतात आणि कावीळ भडकते. आमच्या रिपोर्टात ते एन्झाइम नॉर्मल आलं होतं. मग तो विषय संपला.

पहिला दिवस बाळ उघडंच निळ्या लाइटखाली ठेवलं. एकोणीसचा आकडा पंधरावर आला. दुसऱ्या दिवशी मी त्याला घरटं करून दिलं. घरटं म्हणजे मऊ कापडाची लांब गुंडाळी करून बाळाभोवती गोल ठेवायची. पोटात असल्यासारखं वाटतं, बाळ हातपाय झाडत नाही, शांत झोपतं. माझ्यासारखं घरटं आख्ख्या हॉस्पिटलात कुणाला जमायचं नाही. नव्या सिस्टर शिकायला यायच्या. कापड आम्ही घरून मागवायचो, 'स्वच्छ धुतलेलं, जुनं, सुती' असं सांगून. सविताच्या आईनं आणलेलं पांढरं कापड इतकं मऊ होतं की मी तिथल्या पोरींना म्हणाले, "बघा गं, याला म्हणतात कापड." वर वॉर्मरची ऊब, भोवती ते घरटं. बाळ गाढ झोपलं.

आणि आता एकवीस.

राउंडला आमचे सर आले. रिपोर्ट बघून त्यांनी चष्मा काढला.

"हिमोग्लोबिन?"

"चौदाचं नऊ झालंय, सर."

"म्हणजे रक्त फुटतंय. आई-बाळाचा ब्लड ग्रुप एक, इन्फेक्शन नाही. ती एन्झाइमची टेस्ट पेशी फुटत असताना खोटं बोलू शकते. पण मग फोडतंय काय? इथं आल्यावर नवीन काय दिलं?"

"आईच्या दुधाशिवाय काही नाही, सर." मी ठामपणे सांगितलं. इतक्या ठामपणे की आजही आठवलं की कानशिलं तापतात.

"एक्स्चेंजची तयारी करा. नातेवाइकांना सांगा."

एक्स्चेंज म्हणजे बाळाचं रक्त थोडं थोडं काढायचं आणि तेवढंच दात्याचं घालायचं. चिमूटभर जीव, त्याचं जवळजवळ सगळं रक्त बदलायचं. मी सांगायला बाहेर गेले.

मल्लिनाथ खाली बिल भरायला गेला होता. बाकावर सविताची आई नीलव्वा एकटीच होती. तिला कमी ऐकू यायचं, समोरच्याचे ओठ बघून ती समजून घ्यायची. म्हणून मी मास्क खाली ओढला. तिनं माझं बोलणं सुरू व्हायच्या आत कालच्यासारखं गाठोडं पुढं केलं.

"आजचं कापड, सिस्टर. हे बी मऊ हाय बगा."

मी गाठोडं हातात घेतलं, आणि वास आला.

वीस वर्षं नाकावर मास्क. आत सॅनिटायझरचा, स्पिरिटचा वास. काल असंच कापड मी ग्लोव्ह्ज घालून, मास्क लावून घेतलं होतं. आज पहिल्यांदा नाक उघडं होतं आणि तो गोड, उग्र, कपाटातला वास थेट डोक्यात गेला.  

"नीलव्वा, हे कापड कुठं असतं?"

"पेटीत की. धुवूनच ठिवलेलं हाय."

"पेटीत अजून काय टाकता?"

"डांबराच्या गोळ्या. कसर लागती न्हवं." ती कौतुकानं सांगत होती. "आमच्या मामंजीचं धोतर हाय ह्ये. शंभरीला दोन कमी, इतकं जगले. कूसवाला, ह्या लेकराला, त्येंचं आयुष्य लागू दे म्हनून फाडलं. बारशापातूर नवं कापड घालत न्हाईत आमच्यात."

मी गाठोडं तिथंच टाकून आत पळाले. वॉर्मरखालचं घरटं उचललं, नाकाला लावलं. तोच वास. उबेनं अजून भपकारा मारत होता. माझ्या हातांनी, माझ्या कौतुकाच्या कलेनं मी ते विष त्या बाळाभोवती गोल करून ठेवलं होतं. माझ्या हातून कधी चुकीचं इंजेक्शन गेलं नव्हतं. घरटं गेलं.

मी सरांना बोलावलं. दोन वाक्यांत सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "सगळं काढा. बाळाला पुसून घ्या. एक्स्चेंज लगेच."

परत बाहेर आले तेव्हा नीलव्वा उभीच होती. तिला सांगणं भाग होतं, घरी पेटी तशीच होती. मी ओठ हलवत सावकाश सांगितलं. तिला पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं.

"यव्वा! म्हंजी मीच घातलं की इख माज्या लेकराला!" ती मटकन खाली बसली. मग माझा हात घट्ट धरला. "सिस्टर, जावाय-पावण्यांस्नी सांगू नगा. नऊ वर्सानं पाळणा हललाय. माज्या लेकीला नांदवायचे न्हाईत. पाया पडते तुमच्या."

मी तिला उठवून बाकावर बसवलं. लपवता येणार नव्हतं. मल्लिनाथच्या घरातही पेटी असणार, आणि हे बाळ तिथंच जाणार होतं.

सरांच्या केबिनमध्ये मल्लिनाथ उभ्यानंच ऐकत होता. सर म्हणाले, "घरून आलेल्या कापडामुळं—"

"सर, ते घरटं मी केलं," मी मध्येच म्हणाले. "कापड मी आत घेतलं. वास घेतला नाही."

सरांनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. हॉस्पिटलची चूक अशी कुणी बोलून दाखवत नाही.

मल्लिनाथचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी ओरडा ऐकायची तयारी ठेवली होती. तो हळूच म्हणाला, "गोळ्यांचं मला इचारलं हुतं की. मीच न्हाई म्हनलो." मग, "खरं सांगू का सिस्टर, मला म्हाईतच न्हवतं. नुस्तं न्हाई, न्हाई म्हनत गेलो." आणि मग, "वाचंल का?"

"रक्त बदललं तर चांगली आशा आहे," सर म्हणाले. त्यानं सही केली. नाव कागदाबाहेर गेलं.

एक्स्चेंजला दोन तासांच्या वर लागले. सर सिरिंजनं काढत होते, घालत होते, मी मोठ्यानं मोजून लिहीत होते. मध्ये एकदा बाळाचे ठोके घसरले. आम्ही थांबलो.  ठोके वर आले, आम्ही पुढं सुरू केलं. संध्याकाळी आकडा अकरा. दुसऱ्या दिवशी थोडा वर, मग खालीच गेला.

बाळ अजून नऊ दिवस राहिलं. कानांची तपासणी दोन्ही बाजूंनी पास झाली. तीन महिन्यांनी एन्झाइमची टेस्ट परत केली, ती कमी आली. सरांचा संशय खरा निघाला.

त्या नऊ दिवसांत नीलव्वा रोज यायची, पण बाळाला हात लावायची नाही. काचेबाहेरून बघायची. सविता म्हणायची, "आये, घे की." ती मान हलवायची. जावई तिच्याशी बोलतो की नाही, मला कळेना. विचारायची माझीही हिंमत झाली नाही.

डिस्चार्जच्या दिवशी सविता बॅग आवरत होती. बाळ मल्लिनाथकडं होतं. तो दारापाशी आला आणि बाळ नीलव्वाच्या पुढं धरून म्हणाला, "मामी, घ्या जरा. मी रिक्षा बघतो."

ती गोंधळली. मग तिनं आपला पदर नाकाशी नेला, नीट वास घेतला. दुसरं टोक घेतलं, त्याचाही घेतला. आणि मगच हात पुढं केले.

आमच्याकडं नंतर दोन गोष्टी बदलल्या. कापड घेणारी सिस्टर दारातच मास्क काढून ते हुंगते. नव्या पोरी हसतात, हसू देत. आणि यादीतले प्रश्न तेच आहेत, पण ते सही करणाऱ्याला विचारत नाहीत. ज्या पुरुषाला स्वतःचा बनियन सापडत नाही, त्याला पेटीत काय आहे ते विचारून आम्ही निर्धास्त झालो होतो. आणि पेटी भरणारी बाई पाच पावलांवर बाकावर बसली होती.