ओली भिंत

सन २०११. मी बासष्ट वर्षांचा होतो. दरेकशाच्या या डोंगरपट्ट्यात माझ्याएवढी सरळ मातीची भिंत कोणी उचलत नाही, असं लोक म्हणायचे आणि लोक विसरले तर मी स्वतः म्हणायचो. शाळा माझी तिसरीपर्यंत. पण ओळंबा न लावता, एक डोळा मिटून मी भिंत कुठे वाकली ते सांगायचो. आजही सांगतो.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान, अकरा घरांची. उपासना कोणाच्या ना कोणाच्या ओसरीत व्हायची. म्हातारे खाटेवर, बाया चटईवर. ढोलकीवर गाणं सुरू झालं की गोठ्यातली म्हैसही रवंथ थांबवायची. पाळकबाबा गोंदियावरून पॅसेंजरनं यायचे, महिन्यातून दोन रविवार, आणि स्टेशनपासून पायी. आता मोटरसायकली आल्या, पण पाळकबाबांच्या धुळीनं भरलेल्या चपला ओसरीखाली दिसल्या की जो आनंद व्हायचा, तो काही आता होत नाही.

त्या वर्षी धान कापून झाल्यावर ठरलं की प्रार्थनेसाठी आपलं स्वतःचं घर बांधायचं. एकजण म्हणाला, गोरेगाववरून विटांचा मिस्त्री आणू. मला ते लागलं. मी उठून म्हणालो की बोडीच्या काठची माती जवळ आहे आणि मिस्त्री तुमच्यासमोर उभा आहे. नाताळची उपासना नव्या घरात होईल, हा माझा शब्द.

नाताळाला महिनाही उरला नव्हता.

मातीच्या भिंतीला घाई चालत नाही. मातीत धानाचं तणस टाकून पायानं तुडवायचं, रातभर भिजू द्यायचं आणि मग दीड हाताचा एक थर चढवायचा. तो सुकेपर्यंत हात लावायचा नाही. अंगठ्याचं नख रोवून पाहायचं. नख शिरलं नाही, तरच वरचा थर. उन्हाळ्यात चार दिवसांत होतं. आमच्याकडच्या थंडीत, दव पडतं तेव्हा, आठ-दहा दिवसही लागतात. हे मला बापानं शिकवलं होतं. मला माहीत नव्हतं असं नाही. मी चौथ्या दिवशीच वरचा थर चढवत होतो.

पाणी आणायचं काम एका वहिनीकडे होतं. तिचा नवरा माझ्या जोडीचा मिस्त्री. तो वारल्याला सहा वर्षं झाली होती. नवऱ्याच्या हाताखाली तिनं जन्मभर माती तुडवलेली. एक दिवस घागर खाली ठेवून तिनं भिंतीवर अंगठा दाबला.

"भाऊजी, खालचा थर वला आहे. नख शिरून राहिलं."

"वहिनी, तुमी पाणी आणा. भिंतीचं मी पायतो."

चार लोक हसले. ते हसावे म्हणूनच मी तसं बोललो होतो.

नाताळ तीन दिवसांवर आला आणि भरदुपारी पश्चिमेची भिंत पोटातून फुगली. मी पाहत होतो. आवाजही फार झाला नाही. म्हातारी बाई दमून मटकन बसते, तशी ती बसली. खाली कोणी नव्हतं, ही देवाची कृपा.

लोक धावत आले. काऊन पडली, काऊन पडली, सगळे एकच विचारत होते. मी धोतर झटकत म्हणालो, "चिखलात पाणी जास्त पडून राहिलं होतं."

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. तिनं रिकामी घागर उचलली आणि घरी गेली. संध्याकाळच्या प्रार्थनेला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

माझ्या बायकोनं जेवायला वाढताना विचारलं की पाणी खरंच जास्त होतं का. मी ताट सरकवलं. तिनं ते उचललं आणि पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

नाताळची उपासना उरलेल्या तीन भिंतींशेजारी, बांबूच्या मांडवात झाली. वर निळी ताडपत्री, बांबूच्या कामट्यांची चांदणी, मोठ्या गंजात खिचडी. आता तिथे सिमेंटचं सभागृह आहे, पंखे आहेत, माईक आहे. पण त्या मांडवातला धूर आणि ओल्या मातीचा वास मला अजून येतो. बायांच्या रांगेत वहिनीची जागा रिकामी होती. तिच्याशिवाय गाण्याची दुसरी ओळ कोणाला उचलता येत नव्हती.

पाळकबाबांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. माझी प्रार्थना लांब असायची. ही सुरू झाली की भात चढवून यावं, असं बाया आपसात म्हणायच्या. मी उभा राहिलो. हे प्रभू, म्हणालो, आणि पुढे काही येईना. पाठ केलेलं सगळं गेलं. मग जे निघालं ते असं:

"प्रभू, पाणी बरोबर होतं. भिंत वली होती. मले माहीत होतं."

आणि खाली बसलो. कोणी आमेनही म्हटलं नाही.

त्या दिवसापर्यंत मी देवापुढे जायचो ते पाहुण्याला आपलं घर दाखवावं तसं. हे बघ, ते बघ. त्या दिवशी दाखवायला मातीचा ढीग होता आणि एका विधवेवर टाकलेलं खोटं. तरी तो उठून गेला नाही. हे मला तिसरीच्या पुस्तकानं शिकवलं नाही, उपदेशानंही नाही. मी पडलो, तेव्हा कळलं की खाली कोणीतरी आहे.

दुपारी वहिनीकडे गेलो. ती अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. मी उभ्यानंच सांगितलं की चूक माझी होती.

"मले कायले सांगता? मले तं माहीतच होतं."

"मंडळीत सांगून आलो."

तिनं सूप थांबवलं.

"मंग बाकीच्या तीन?"

"उभ्या आहेत."

"उभी तं तेही होती, भाऊजी."

तिन्ही भिंती त्याच घाईत चढल्या होत्या. बाहेरून सुकल्या होत्या, लोक त्यांचं कौतुक करत होते. पाळकबाबा तर म्हणाले होते, एकच तर भिंत आहे, होऊन जाईल. त्या भिंतींवर छपराच्या कवेलूंचं ओझं येणार होतं, आणि त्या कवेलूंखाली आमची लेकरं बसणार होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी लोखंडी सब्बल घेऊन गेलो आणि उभ्या असलेल्या तिन्ही भिंती पाडल्या.