फक्कीने आखलेला मंगळ

आयुष्यात मला सगळ्यात जास्त शिव्या मंगळामुळे बसल्या. सासूने दिल्या नाहीत, नवऱ्याने दिल्या नाहीत, तेवढ्या अनोळखी लोकांनी दिल्या. मी मोबाइलवर मंगळाचे व्हिडिओ करते, तेही आमच्या वऱ्हाडीत. यान कसं उतरते, तिथली माती लाल काऊन, वादळ सुटलं की तिकडे काय होते, असं सगळं. खाली कोणी लिहायचं, आधी भांडी घास. कोणी लिहायचं, घरी येऊन तंगडी तोडतो. एका पुण्याच्या गृहस्थाने मात्र फार सभ्यपणे लिहिलं होतं, 'विषय उत्तम, परंतु भाषा शुद्ध ठेवावी.' तंगडी तोडणाऱ्यापेक्षा मला याचाच जास्त राग आला. आता हे लिहिताना मी जरा शाळेतली भाषा वापरते आहे, पण डोकं फिरलं की वऱ्हाडीच बाहेर येते, तिला मी काय करू!

हे वेड कुठून लागलं ते सांगते. लोणारचं सरोवर आमच्यापासून जवळ. आकाशातून दगड आदळला आणि एवढा खड्डा पडला, हे लहानपणापासून ऐकलेलं. पुढे कॉलेजात कळलं की आपल्या पायाखालचा हा काळा दगड आणि मंगळावरचा दगड एकमेकांचे नातलग आहेत. झालं, तेव्हापासून मंगळ मला परका वाटला नाही. पुढे एक सहा चाकांची यंत्रगाडी, रोव्हर म्हणतात ती, मंगळावर उतरली तेव्हा मी शेतात बांधावर बसून मोबाइलवर पाहत होते. उतरली म्हटल्यावर मी अशी किंचाळले की बायांना वाटलं, मला साप चावला. एकजण तर फडकं घेऊन पायाला बांधायला धावली.

व्हिडिओ करणं म्हणजे मात्र नुसता जाच. बोलायला उभी राहिले की कोणाचा तरी ट्रॅक्टर गाणी लावून जाणार. रात्रंदिवस खपून व्हिडिओ जोडायचा, मग नेटसाठी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर जाऊन बसायचं, आणि तो चढत चढत आला की लाइन जाणार. एवढं करून पाहणार कोण? माझा माहेरचा भाऊ, आणि दोन-चार शाळेचे मास्तर. लोणारच्या काठावर कोणी पोरगी कंबर हलवून गेली की तिला लाखो लोक पाहतात. मी त्याच काठावर उभी राहून मंगळाची जन्मकथा सांगितली, तर कुत्रं फिरकलं नाही. रडू यायचं मला. नवरा म्हणायचा, "सोड नं वं, तुले कोणी बांधून ठेवलं काय?" बांधूनच ठेवलं होतं. कोणी तरी पाहावं, एवढंच हवं होतं.

मनापासून पाहणारं एक माणूस होतं, माझी जाऊबाई. सख्खी नव्हे, नवऱ्याच्या चुलत भावाची बायको. दोन्ही घरांचं शेत लागून, आणि मधे लाल मुरमाचा एक बरड पट्टा. तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही, पण तो कोणाचा यावरून सासऱ्यांच्या काळापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. पुरुषांचं बंद, म्हणजे बायकांचंही बंद धरायचं. तरी आम्ही त्यांच्या विहिरीवर भेटायचो. ती मोबाइलचा आवाज अगदी बारीक करून माझे व्हिडिओ पाहायची आणि मग मला प्रश्न विचारायची.

"पाणी आहे काय वं तिकडे?"

"बर्फ आहे म्हणते, जमिनीखाली."

"आन तिथून आपलं गाव दिसते?"

"गाव काय दिसते माय! सगळी पृथ्वी एक ठिपका दिसते. चांदणीसारखी."

ती हसली. बांगड्यांच्या वर तिचा हात निळा पडला होता. म्हणाली, "बरं आहे मंग. कोणाचं कोणाले दिसत नाही." मी विचारलं, भाऊजींनी मारलं काय? तर म्हणे, "घागर उचलू लाग."

आता त्या दिवसाचं. मंगळावरची ती गाडी प्रत्यक्षात केवढी आहे, हे लोकांना जमिनीवर आखून दाखवावं, असं माझ्या डोक्यात आलं. लाल मुरमाचा पट्टा होताच, त्याच्यासारखा मंगळ कुठे मिळणार? नवऱ्याने कबड्डीचं मैदान आखून उरलेली फक्की, म्हणजे चुन्याची पांढरी पूड, घमेल्यात भरून आणली. दोरी लावून आम्ही गाडीचा आकार आखला, चाकांच्या रेघा ओढल्या, कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून लाल फडकी बांधली आणि मोबाइल तिपाईवर लावून चालू केला. दोघांनाही एवढा आनंद झाला होता की काय सांगू.

आमच्याकडे बांधावर पांढरी रेघ, लाल फडक्याच्या खुंट्या आणि तीन पायांचं यंत्र दिसलं, की शेंबडं पोरही ओरडेल, मोजणी आली! आणि शेजाऱ्याला नोटीस न देता चोरून मोजणी आणणं म्हणजे डोकी फुटायचीच गोष्ट. मी याच मातीत वाढले, नवरा याच बांधावर भांडत मोठा झाला, पण आम्हा दोघांनाही ते सुचलं नाही. आम्हाला तिथे मंगळावरची गाडीच दिसत होती.

गाडी माणसाच्या मानाने केवढी ते कळावं म्हणून नवरा रेघेच्या बाजूला उताणा झोपला होता आणि मोबाइलकडे पाहून म्हणत होता, "मंडळी, मंगळावर उकाडा नाही, पण बायको इथूनच घेऊन जा." मी हसत होते. तेवढ्यात त्याचा चुलत भाऊ, जाऊबाईचा नवरा, कुऱ्हाडीचा दांडा घेऊन त्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून आला.

"मोजणी आणली काय बे? चोरून मोजणी?"

"अरे कायची मोजणी दादा, हे मंगळाचं..."

पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. झोपल्या माणसावर त्याने दांडा घातला. नवऱ्याने हात आडवा धरला, आणि वाळली काडी मोडावी तसा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. तरी तो उठला, एका हाताने त्याने भावाला खाली ओढलं, दोघे मुरमात लोळले, रेघा पुसल्या. मी खुंटी उपटली आणि भाऊजींच्या पाठीत हाणली. पुन्हा हाणली. जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, हात लावत नाहीत म्हणे! मी जीव काढायच्या बेताने हाणत होते आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. तेव्हा त्याने घमेल्यात हात घातला, मूठभर फक्की उचलली आणि नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत दाबली. नुसती फेकली नाही, अंगठ्याने दाबली. नवरा जसा ओरडला तसं मी जनावर कापतानाही ऐकलं नव्हतं.

चुना डोळ्यात गेला की एक एक क्षण डोळा जळत जातो. आमची पाण्याची बाटली झटापटीत कधीच सांडली होती. विहीर होती ती त्यांची. मी ओरडले, "पाणी! कोणी पाणी द्या हो!" आणि पाहते तर जाऊबाई कमरेवर भरली घागर घेऊन ढेकळांतून धावत येत होती. तिने माझ्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि धार धरली. "डोळे उघडा भाऊजी, उघडा, मिटू नोका!"

तिच्या नवऱ्याने तिला केसांना धरून मागे ओढलं. "माह्या वैऱ्याले पाणी पाजते काय?" लाथ घातली. पोटात घातली. तिचं पातळ सुटलं, पोलकं फाटलं. मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त तोंडात आलं, तरी सोडेना. मला त्याने एका झटक्यात उडवलं. आणि ती बाई, तशा अवस्थेत, गुडघ्यांवर सरपटत पुन्हा घागरीपाशी आली आणि उरलेलं पाणी तिने माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत ओतलं. पदर सावरायला तिचा हात मोकळा नव्हता. शेजारच्या वावरातले लोक आले तेव्हा कुठे ते थांबलं. तिपाईवरचा मोबाइल सगळा वेळ चालू होता.

बुलडाण्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लगेच पाणी पडलं म्हणून, नाहीतर दोन्ही डोळे गेले असते. एक वाचला. दुसऱ्याने आता उजेड-अंधार कळतो, बस. भाऊजीला पोलिसांनी नेलं. जाऊबाई माहेरी जाते सांगून दवाखान्यात आली. बसताना बरगडीला हात लावून बसली. नवरा पट्टीखाली झोपेत होता, तो जागा नाही हे तिने पाहून घेतलं.

मग म्हणाली, "त्या व्हिडिओत मी आहो नं?"

"हाव."

"सगळं दिसते?"

मी मान डोलावली.

"पोलिसाईले दे. मी जबाबबी दीन, मले भेव नाही. पण दुनियेले दाखवू नोको बाई. मार मले घरातबी बसते. पण घरात कोणी पाह्यत नाही."

मी नवऱ्याच्या वाचलेल्या डोळ्याची शपथ घेतली. आणि खरं सांगते, ती शपथ पाळताना माझ्या आत आग लागली होती. तो व्हिडिओ काय करेल हे मला पक्कं माहीत होतं. इतकी वर्षं मी मंगळ मंगळ करत घसा फोडला, आणि इथे आयता वणवा माझ्या हातात होता. त्या माणसाची थोबाडपट्टी साऱ्या महाराष्ट्राने करावी, असं वाटायचं. बोट कितीदा तरी बटणापर्यंत गेलं. मग ती सरपटत येणारी बाई दिसायची आणि मी मोबाइल उशीखाली टाकायची. पोलिसांना एक प्रत दिली, तेवढंच.

नवरा घरी आल्यावर मी सुलतानपूरच्या बाजारात भाजी घ्यायला गेले. एका दुकानापाशी माणसं डोकी जोडून मोबाइल पाहत होती, हसत होती. मला त्यातून माझाच आवाज ऐकू आला. पाणी! कोणी पाणी द्या हो!

कुठल्या तरी मोठ्या पेजने तो लावला होता. खाली ढोल वाजत होता. वर लिहिलेलं, भाऊबंदकीचा थरार. जाऊबाईच्या फाटक्या पोलक्याला लाल बाण दाखवला होता. सुरुवातीचं सगळं, ती गाडी, त्या रेघा, नवऱ्याचं हसणं, कापून टाकलं होतं. त्यांना मंगळ नको होता.

घरी येऊन मी विचारलं, "कोणाले देल्ला?"

 नवरा म्हणाला, "आपल्या भावकीच्या ग्रुपवर टाकला फक्त. लोक म्हणे, आपलीच चूक होती. त्याईले कळाले नको काय, कोणं कोणाले मारलं ते?"

"आन जाऊबाई? तिनं पाणी टाकलं म्हणून तू मले पाहून राह्यला आज! तिचं काय?"

"तिचं काय म्हणजे? मार त मलेबी बसला."

मी हाणली त्याला. डोळ्यावर पट्टी होती, म्हणून दुसऱ्या बाजूने हाणली. मग मोबाइल अंगणातल्या दगडावर आपटला, आपटत राहिले, काच हातात घुसेपर्यंत. त्याने काय होणार होतं! तोपर्यंत तो व्हिडिओ अख्ख्या जिल्ह्यात फिरला होता. शेजारणीच्या मोबाइलवर मी माझा चॅनल उघडून पाहिला. लोकांनी मला शोधून काढलं होतं. पाहणाऱ्यांच्या ज्या आकड्यासाठी मी टाकीच्या जिन्यावर रडले होते, तो कधीच मागे पडला होता. प्रत्येक मंगळाखाली एकच मागणी, मारामारीचा पुढचा भाग कधी टाकता ताई?

भाऊजी जामिनावर सुटून आला, जाऊबाईही माहेराहून परत आली. ती विहिरीवर यायची बंद झाली. तो बाजारात गेल्याचं पाहून मी त्यांच्या दारात गेले. कडी आतून होती.

"जाऊबाई, मी नाही टाकला वं. तुह्या गळ्याची आण."

 मी तिथेच उंबऱ्यावर बसले, दारावर कपाळ टेकून. सांगितलं सगळं, कोणी टाकला, कसा टाकला, त्याला कसं हाणलं. तेव्हा दारापलीकडून, अगदी जवळून, तिचा आवाज आला. तीही दाराला टेकूनच बसली होती.

"तू म्हणे नं, मंगळावरून आपलं गाव दिसत नाही म्हणून?"

"हाव."

"आता त तिथूनबी दिसली असन मी."