एकदाच आलेला आकडा

ज्योत्स्ना गावंडेनं पीएचडीचा गाईड बदलला, तेव्हा अमरावतीत बोललं गेलं की पोरगी उर्मट आहे. उर्मट ती नव्हती. तिला किळस आली होती.

चांदूर बाजारजवळच्या शेतकऱ्याची ही मुलगी. डॉ. गोपाळकृष्ण पाठक यांच्याकडे ती संशोधनाला लागली. गुलाबी बोंडअळीच्या पोटातल्या एका एन्झाइमला घट्ट चिकटून त्याचं काम बंद पाडेल आणि अळी मारेल, असा रेणू पाठक सरांनी संगणकावर शोधला होता. पेपर छापून आला होता, वर्तमानपत्रात फोटोही. ज्योत्स्नाचे वडील खुशालराव कपाशी लावणारे. पोरगी त्याच सरांकडे शिकते, हे त्यांनी गावभर सांगितलं.

त्या रेणूत बदल करून तो आणखी चांगला करायचा, असं काम तिला मिळालं. आधी तिनं सरांचं मूळ गणित पुन्हा चालवून पाहिलं. रेणू किती घट्ट चिकटतो याचा पेपरातला आकडा येईना. रेणू एन्झाइमला जेमतेम टेकायचा. आपलंच चुकत असेल म्हणून तिनं सगळं तपासलं, सॉफ्टवेअरची तीच जुनी आवृत्ती शोधून बसवली. तरी येईना. मूळ फाइली मागितल्या, तर सर म्हणाले, तो संगणक भंगारात गेला.

शेवटी ती त्यांच्या केबिनमध्ये गेली. सर संत्रं सोलत बसले होते.

"सर, दरवेळी वेगळंच उत्तर येतं. तुमचा आकडा येत नाही."

"अगं, प्रत्येक वेळी गणिताची सुरुवात वेगळी असते. चालवत राहा. एखाद्या वेळी येतोच. आला की तो ठेवायचा."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण विचारतंय? सगळे असंच करतात." त्यांनी एक फोड तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली आणि बाहेर येऊन कुंडीत टाकली.

तरीही ती चालवत राहिली. एक दिवस तो आकडा आला. तिनं पडद्यावर रेणू मोठा करून पाहिला. त्यातलं सपाट असायला हवं ते अणूंचं वलय चक्क मुरगळलेलं होतं. असा रेणू कुठल्याही प्रयोगशाळेत, कुठल्याही बाटलीत असू शकत नव्हता. एम.एस्सी.च्या पोरालाही ते दिसलं असतं. म्हणजे सरांना दिसलंच होतं.

रविवारी ती गावी गेली. खुशालराव म्हणाले, "काहून वं, ताट तसंच ठेवलं?"

"भूक नाही बाबा."

"तुह्या सराचं औषध कधी येते? लोकं इचारून राहिले मले."

"येत नाही. औषध नाहीच ते. एकदा आलेला आकडा हाय नुसता."

"मंग मी लोकाइले काय सांगू?"

"नाही म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी खुशालराव पारावर गेले नाहीत, एवढं तिला आईकडून कळलं.

तिनं विद्यापीठाकडे तक्रार केली. चौकशी समितीनं सरांबरोबर चहा घेतला आणि गैरप्रकार आढळला नाही असं कळवलं. मग ती अकोल्याला डॉ. अनुपमा जोशी यांच्याकडे गेली. आधीची वर्षं वाया गेली. तिथं तिनं तेच गणित नव्यानं केलं आणि आलेले सगळे आकडे, बरे-वाईट, फाइलींसकट लोकांपुढे ठेवले. त्यावर लिहिलेला तिचा पेपर तपासणाऱ्यानं परत पाठवला. शेरा होता, पाठक यांच्या मोलाच्या कामाचा आदरानं उल्लेख करावा. तिनं पेपर दुसऱ्या नियतकालिकाकडे पाठवला आणि छापून आणला. पुढे करिश्मा नावाच्या एका अनोळखी मुलीनं त्याच फाइली चालवल्या. तिला तेच आकडे मिळाले. ज्योत्स्नाला बरं वाटलं, पण थोडंसंच. सरांचा पेपर अजून जागच्या जागी होता आणि इतरांच्या पेपरांत त्याचे दाखले वाढतच होते.

ती आता अकोल्यात शिकवते. मागच्या महिन्यात अमरावतीहून फोन आला. सरांच्या गौरवग्रंथासाठी माजी विद्यार्थिनी म्हणून दोन पानं हवी होती.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

"त्यांच्याकडून काय शिकलात ते."

"ते लिहिलं तर तुमी छापसान नाही," ती म्हणाली आणि वर्गावर गेली.