उशांच्या खोळींचा कोपरा

माझी मावशी एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत सव्वीस वर्षं चादरी धुते. नाकावर माशी बसू देत नाही, शब्दाला शब्द लावते, म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणतात. तिला ते आवडतं, पण कबूल करायची नाही. मीही तिथंच असते, चादरींची मोजदाद लिहायला.

लाँड्री तळघरात. ब्लीचच्या वासानं डोळे चुरचुरतात आणि वाफ बाहेर जायला एकच खिडकी, तीही खिळे ठोकून बंद, कारण ती वाफ म्हणे पाहुण्यांच्या गाड्यांच्या काचांवर बसते. बायकांच्या हातांची सालं निघतात, छातीत घरघरतं. वाफ ओढणारे पंखे बसवा म्हणून ओरडून सगळ्यांचे घसे बसले, तेव्हा मॅनेजरनं विद्यापीठातली एक संशोधक बाई बोलावली. तिच्या अहवालात त्रास दिसला तर पंखे, नाहीतर विषय बंद.

ती माझ्याच वयाची, हातात छापील प्रश्न. "मावशी, गेल्या वर्षी आजारपणामुळे किती खाडे झाले?"

"एकही नाही. आणि मावशी मी माझ्या भाचीची. तुझी कधी झाले?"

बावीसच्या बावीस बायकांनी मोठ्या तोऱ्यात हेच सांगितलं. तोराच नडला. महिन्याभरानं बाई कच्चा अहवाल वाचून दाखवायला आली: खाडे शून्य, कामगारांची तब्येत उत्तम. ऐकून एकीला खोकल्याची उबळ आली आणि ती काही केल्या थांबेना.

खरी गोष्ट अशी की या लाँड्रीत आजारी बाई घरी राहतच नाही. ती येते, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून उशांच्या खोळींच्या घड्या घालते, आणि तिच्या वाटच्या चादरी बाकीच्या ओढतात. मावशी लागायच्या आधीपासून हे असंच चाललंय. कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही.

"हा कागद वर जाणार नाही," मावशी म्हणाली.

"पण उत्तरं तुमचीच आहेत."

"उत्तरं आमची, प्रश्न तुझा. आम्हाला विचारून काढला असतास तर?"

"काय विचारायला हवं होतं?"

"खोळींवर किती दिवस बसलीस, हे!"

बाईचा चेहरा पडला, पण ती गुणाची निघाली. तिनं पेन मावशीपुढे धरलं. "मग प्रश्न तुम्ही काढा. अहवालावर नावं सगळ्यांची."

पुढचा महिनाभर जेवणाच्या सुट्टीत या बायकांनी प्रश्न काढले, खोडले, एकमेकींना विचारले, भांडल्या. एक फाटकी चादर पसरून मला तिच्यावर आडवी पाडली आणि माझ्याभोवती रेघ ओढली. मग जिला जिथं दुखतं, तिनं तिथं चादरींवर खुणा करायच्या काळ्या शाईनं ठिपका दिला. संध्याकाळी मी पाहिलं, तर चादरीवरल्या बाईचे हात कोपरापर्यंत काळे आणि छाती नुसती डांबर फासल्यासारखी. मला रडू आलं. मावशी म्हणाली, "रडतेस काय, घडी धर."

मॅनेजरनं चादर पाहिली, खोळींचे दिवस वाचले आणि हसला. "या बायकांना काय कळतंय संशोधनातलं! हजेरीत खाडा शून्य आहे. मी हजेरीच मानतो."

संशोधक बाई उठायला लागली. मावशीनं तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं. "मानता ना? मग उद्याची हजेरी बघा."

दुसऱ्या दिवशी खोळींचा कोपरा रिकामा होता. ज्यांना त्रास होता त्या सरळ घरी राहिल्या, आणि त्या चौदा निघाल्या. दुपारपर्यंत हॉटेलात घालायला चादर उरली नाही. मॅनेजरनं सुतार बोलावून खिडकीचे खिळे काढून घेतले आणि माझ्याकडून निरोप धाडला: खिडकी उघडली आहे, वकीलबाईंनी यावं.

मावशी माझ्या घरी, आयुष्यातला पहिला खाडा करून, पलंगावर खोकत बसली होती.

"सांग त्याला," ती मला म्हणाली, "पंखे बसेपर्यंत माझी तब्येत उत्तम नाही."