पिवळ्या रेघेच्या मागे

डॉयल प्रुइटच्या वर्गात पहिल्या दिवशी कुणाच्या हाती पिस्तूल येत नसे. गावाबाहेर कोरड्या तळ्याच्या कडेला मातीचा बांध आहे. त्याच्यासमोर लाकडी टेबलं आणि टेबलांमागे जमिनीवर पिवळी रेघ. डॉयल सगळ्यांना त्या रेघेमागे उभं करायचा आणि एकच शब्द ओरडायला लावायचा. "थांबा!" जो पुटपुटेल त्याला पुन्हा. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना त्यानं घसा बसेपर्यंत ओरडायला लावलं होतं.

नियम साधा होता. मैदानावर कुणालाही, अगदी त्याच दिवशी आलेल्या माणसालाही, काही चुकतंय असं वाटलं तर त्यानं "थांबा" म्हणायचं. म्हटलं की सगळ्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवायचं, तोंड बांधाकडे, आणि मोकळे हात दाखवत रेघेमागे यायचं. कारण विचारायचं नाही. मग एकानंच पुढे जाऊन प्रत्येक पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करायची. तो "झालं" म्हणेपर्यंत बाकीच्यांनी टेबलाकडे बोटही न्यायचं नाही.

"आणि तुमचंच काही चुकलं तर?" असं कुणीतरी दर वर्गात विचारायचंच.

"तर मला सगळ्यात आधी थांबवा. मीच तुमच्या सगळ्यात जवळ उभा असतो."

हॅसल फ्लॅट गावात पिस्तुलाचा परवाना असलेले निम्मे लोक डॉयलच्या हाताखालून गेलेले. टेक्सासच्या ह्या सपाट टोकाला, जिथून कुठलंही पोलीस ठाणं लांबच पडतं, परवाना नसलेलं घर शोधावं लागतं. आठवडाभर डॉयल शेतांवरच्या घरांना गॅस पोचवणारी टाकीची गाडी चालवायचा आणि शनिवारी वर्ग घ्यायचा. त्याच्या मैदानावर कधी कुणाला ओरखडाही आला नाही. ह्याचा त्याला गर्व होता आणि तो गर्व लपवण्याचा त्यानं कधी प्रयत्न केला नाही.

घरातही तीच शिस्त. सकाळी कपाटात बोल्टनं ठोकलेल्या पोलादी पेटीतून पिस्तूल बाहेर निघे, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक म्यानात घालून कमरेला लागे, आणि दिवसभर त्याला हात लागत नसे. संध्याकाळी झोपण्याच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीत तोंड धरून डॉयल ते रिकामं करी. आधी गोळ्यांचं मॅगझिन बाहेर. मग वरची स्लाइड मागे ओढायची, म्हणजे नळीत राहिलेली गोळी बशीत पडते. मग डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. शेवटी वाळूत एकदा चाप ओढायचा. पिस्तूल एका पेटीत, गोळ्या दुसरीत, दोन्ही किल्ल्या गळ्यात.

त्याची बायको नोरीन हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत आली. मॅगझिनचा खटका, स्लाइडची खरखर, बशीत टण. मग ती टेबलावर मक्याचा ब्रेड आणि घेवड्याची वाटी मांडी. तिला घड्याळाची गरज नव्हती.

डॉयलची स्मृती जायला लागली तेव्हा आधी नावं गेली, मग रस्ते. गाडीची किल्ली त्यानं स्वतःच मुलीच्या, केंड्राच्या, हातात दिली. म्हणाला, "घे, मी आता खड्डेच शोधतो." वर्गही बंद झाले. पण संध्याकाळचा क्रम टिकला. डॉक्टर नोरीनला म्हणाले की हातांची सवय शेवटपर्यंत राहते. नोरीननं त्यावर भरवसा ठेवला.

मग एका संध्याकाळी आधी खरखर ऐकू आली. मग टण. मग खटका.

नोरीन चुलीपाशी उभी होती. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर एक गोळी बाहेर पडते आणि दुसरी नळीत चढते. नंतर मॅगझिन काढलं तरी ती तिथेच राहते. हे तिला ठाऊक असायला वर्गाची गरज नव्हती. डॉयल जेवताना हेच बोलायचा. ती हातातला चमचा टाकून दारापर्यंत पोचली तोच आवाज झाला. गोळी वाळूत गेली. बादलीच्या बुडातून वाळू सांडत होती आणि डॉयल नोरीनकडे रागानं बघत होता.

"कुणी भरून ठेवलं हे?"

"तूच, डॉयल. तू उलट्या क्रमानं केलंस."

"मी? गावाला विचार जा कोण उलटं करतं ते."

केंड्रा दुसऱ्याच दिवशी लबक शहरातून आली. तिनं बादली बघितली आणि आईला अंगणात नेलं.

"मॉम, पिस्तूल तरी जाईल नाहीतर डॅड तरी. अमारिलोतल्या त्या वृद्धाश्रमात खोली मिळतेय. मी बोलून ठेवलंय."

"मी बघून आलेय ती जागा. सगळे म्हातारे कुलूप लावलेल्या दारापाशी बसतात आणि दार कधी उघडेल म्हणून वाट बघतात."

"जिवंत असतात ना?"

आपण डॉयलला त्या दारापाशी बसवणार नाही, असं नोरीननं त्याला वचन दिलं होतं. तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता.

तिनं जे सुचेल ते केलं. दुपारी तो आरामखुर्चीत झोपला असताना गळ्यातली किल्ली काढायला गेली. त्यानं डोळे न उघडता तिचं मनगट असं धरलं की निळे डाग पडले. गोळ्यांची पेटी एकदा उघडी राहिली तेव्हा आतल्या बदलून खोट्या ठेवल्या, त्या त्यानं तळहातावर तोलून फेकून दिल्या. शेवटी तिनं पिस्तूल साफ करायला द्यायचं निमित्त काढलं, आणि हे निमित्त चाललं. हत्यारं दुरुस्त करणारा हार्लन टिब्स हा डॉयलचा जुना विद्यार्थी. पिस्तूल त्याच्याकडे गेलं.

"ठेवून घे, हार्लन. तो विसरेल."

डॉयल विसरला नाही. संध्याकाळ झाली की तो कमरेशी हात नेई आणि तिथे काही नसे. मग कपाटं, पिठाचा डबा, गाद्या. तिसऱ्या दिवशी तो चोरीची तक्रार द्यायला पायजम्यावर हमरस्त्यानं निघाला. एका कापसाच्या ट्रकवाल्यानं त्याला ओळखलं आणि पिस्तूल हरवलंय हे ऐकून हार्लनच्या दुकानात सोडलं.

हार्लननं पिस्तूल त्याला परत दिलं.

"असं कसं दिलंस?" नोरीन दुकानात उभी राहून ओरडली. "वेड लागलंय का तुला?"

हार्लन पुसायच्या फडक्याची घडी घालत राहिला. "त्याचंच होतं ना ते, नोरीन. समोर उभं राहून माझं दे म्हणाला. ह्या गावात माणसाचं पिस्तूल अडवून कोण ठेवतं? आणि तेही त्याचं? मला त्यानंच शिकवलंय."

ह्या उत्तराला गावात कुणीही चूक म्हटलं नसतं. नोरीनची अडचण हीच होती.

पिस्तूल घरी परतलं त्यानंतरचा गुरुवार होता. वारा इतका की खिडक्यांच्या फटींतून लाल धूळ आत येत होती. नोरीन चुलीवर मांसाचा रस्सा ढवळत होती आणि खोलीतल्या आवाजांकडे कान लावून होती. आवाज आले नाहीत. तिनं मान वळवली तर डॉयल स्वयंपाकघरात उभा, पिस्तूल हातात. घरात म्यानाबाहेर, बादलीपासून लांब पिस्तूल तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"गुड इव्हनिंग," तो म्हणाला. आवाज वर्गातला होता. "आज रिकामं करायचं शिकू या. बाई, तुम्ही पुढे या, मागून दिसत नाही."

तो तिच्याकडे बघत होता आणि तो तिला ओळखत नव्हता.

"डॉयल, मी नोरीन."

"छान नाव आहे. बघा आता." त्यानं स्लाइड ओढली. गोळी फरशीवर पडून चुलीखाली घरंगळली. मग त्यानं मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं. चाचपलं नाही. "झालं रिकामं. आता शेवटची खात्री." तो मैदानावरचा बांध शोधत असावा, कारण नळी खिडकीवरून फ्रीजवर गेली, फ्रीजवरून नोरीनच्या पोटावर आली, आणि तिथे थांबली. बोट चापाकडे निघालं होतं.

बायको म्हणून तिचं काही चालणार नाही हे तिला कळलं. तिच्या तोंडून जे निघालं ते घसा फाटेल असं ओरडणं होतं.

"थांबा!"

बोट सरळ झालं. डॉयलच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, फक्त हात हलले. पिस्तूल टेबलावर गेलं, तोंड भिंतीकडे. हात मोकळे, खांद्यांच्या उंचीला. तो एक एक पाऊल मागे सरकला आणि जिथे स्वयंपाकघराची फरशी संपून दिवाणखान्याचा गालिचा सुरू होतो तिथल्या पितळी पट्टीमागे जाऊन उभा राहिला. कारण विचारलं नाही.

नोरीन टेबलापाशी गेली.

"रेघेपुढे कोण आहे?" डॉयलनं विचारलं.

"मी आहे."

"मग बघा, मॅम. आम्ही उभे आहोत."

तिनं पिस्तूल उचललं. स्लाइड तिच्यानं एका झटक्यात मागे गेली नाही, दोनदा ओढावी लागली. गोळी टेबलावर काढून ठेवलेल्या रश्शाच्या झाकणावर पडली. टण. तिनं आत बघितलं, करंगळी घातली.

"रिकामं," ती म्हणाली.

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"रिकामं!"

"शाबास." डॉयल आता वाट बघत होता. आता ती "झालं" म्हणेल आणि तो टेबलाकडे येईल. नोरीननं तोंड उघडलं आणि ‘झालं’ न म्हणताच मिटलं. तिनं चूल बंद केली, पिस्तूल आणि मॅगझिन पर्समध्ये टाकलं, शेजारणीला फोन करून दोन मिनिटं येऊन बस म्हणाली, आणि ती येताच हार्लनकडे गाडी घेऊन गेली.

हार्लननं पर्सकडे बघितलं आणि हात वर केले. "नोरीन, तो पुन्हा येईल. मी काय सांगू त्याला?"

"मैदानावर अजून ‘थांबा’ चालू आहे म्हणून सांग."

हार्लननं पिस्तूल घेतलं, तो मागच्या खोलीत गेला, आणि तिनं तिजोरीचं दार लागल्याचा आवाज ऐकला.

"हे चालेल," तो बाहेर येऊन म्हणाला. "ह्यावर तो वाद घालणार नाही."

डॉयल अजून घरी आहे. अमारिलोची खोली केंड्रानं नाकारलेली नाही आणि नोरीननं तिला नाकार असं सांगितलेलंही नाही. त्याचे शब्द रोज कमी होत आहेत. ज्या दिवशी ‘थांबा’ हा एक शब्दही जाईल त्या दिवशी काय करायचं, हे नोरीनला माहीत नाही, आणि ती ते कुणाला विचारतही नाही.

संध्याकाळी डॉयलचा हात कमरेशी जातो. तो स्वयंपाकघराकडे येऊ लागतो.

"थांबा," नोरीन चुलीपाशी पाठमोरी उभी राहून म्हणते.

तो पितळी पट्टीमागे उभा राहतो, हात दिसतील असे. कधी कधी ब्रेड भाजून होईपर्यंत. पाय थरथरायला लागतात म्हणून तिनं तिथे एक खुर्ची ठेवली आहे, पण रेघेमागे बसायचं नसतं, तो बसत नाही.

"झालं का, मॅम?"

"अजून नाही."

"ठीक आहे," डॉयल म्हणतो. "घाई करू नका."