सांधेवाले डोमाभाऊ

रुळांचा सांधा बदलून झाला की डोमाभाऊ उकिडवे बसत आणि चिकटलेल्या दोन रुळांच्या फटीत अंगठ्याचं नख घालून बघत. नख आत शिरलं तर उठून पुन्हा लिव्हर ओढत. “लिव्हर खोटी बोलते, बाई,” ते मला म्हणाले होते. “नख नाई बोलत.”

नागपूरच्या इंग्रजी शाळेतलं शिक्षण संपवून मी घरी आले तेव्हा वडील सिंदेवाहीच्या पुढच्या एका लहान स्टेशनावर स्टेशनमास्तर होते. छोटी लाइन, मोजक्या गाड्या, बाकी सागाचं जंगल. मी कोणाशी फारशी बोलत नसे. डोमाभाऊंना त्याचं काही वाटत नसे. ते आपणहून सांगत. फलाटाला लागून सरळ जाते ती मेन. तिच्यातून फुटून पुढे पुन्हा तिलाच मिळते ती लूप. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्या आल्या की एकीनं लुपात थांबायचं, दुसरीनं मेनवरून निघून जायचं.

“सासू-सुनेसारखं,” ते म्हणत. “एक दारातून निंगाली का दुसरीनं भिताडाले टेकाचं. नाई तं भांडे वाजतेत.”

त्यांची बायको भागरथाबाई पदर तोंडाला लावून हसे. “घरीबी मले बाजूनंच जा म्हंतेत, बाई. मी मालगाडी हावो ना!”

मोहफुलं वेचायच्या दिवसांत भागरथाबाईंचं पोट दुखू लागलं. वैदूच्या औषधानं काही झालं नाही. एका सकाळी त्यांचं कण्हणंही थांबलं. चांद्याच्या दवाखान्यात न्यायलाच हवं, असं वडील म्हणाले. पॅसेंजर फलाटावर उभी होती आणि समोरून आलेली लाकडांची मालगाडी लुपात शिरली होती. आम्ही भागरथाबाईंना डब्यात निजवलं.

पण जो सांधे लावतो त्याला त्या गाडीनं जाता येत नाही. गाडी सुटली की मागं राहून दुसरीसाठी सांधे लावावे लागतात. दुसरा सांधेवाला तापानं घरी पडला होता.

“डोमा, तू बस. सांधे मी बघतो,” वडील म्हणाले.

“तुमी सांध्यावर गेले तं तारयंत्रावर कोन बसन, साहेब?”



डोमाभाऊ माझ्याकडे वळले. “तुमी जाता का तिच्यासंगं, बाई? आमच्याकडं दुसरं बाईमानूस नाई.”

मी डब्यात चढले. सांध्यापाशी ते हिरवी झेंडी धरून उभे होते. आमची खिडकी समोरून गेली तेव्हा ते चाकांकडे बघत होते.

चांद्याच्या अलीकडे गाडी आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या पहिल्या सिग्नलला थांबली. आत जागा नसली की तिथंच उभं राहायचं. सिग्नलचा हात आडवा होता. ड्रायव्हर शिट्ट्या देत होता.

“काऊन थांबली?” मी समोरच्या म्हातारीला विचारलं. डोमाभाऊंसारखं बोलण्याची माझी ती पहिलीच वेळ.

“हे तं रोजचंच हाये, पोरी.” मग ती पुढे वाकली. “हिचा हात पाहाय बरं.”

मी हात पाहिला; गार होता. नंतर सिग्नल खाली झुकला, गाडी हलली. मी तो हात धरून बसून राहिले. मला काही वाटत नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं भागरथाबाईंना गार्डच्या ब्रेकच्या डब्यातून परत आणलं. तारेवर आलेली बातमी वडिलांनी डोमाभाऊंना सांगितली होती. गावातली माणसं बाज घेऊन आली होती.

“कुठी?” डोमाभाऊंनी मला एवढंच विचारलं.

“आउटरला.”

“सिग्नल नव्हता?”

“नव्हता.”

त्यांनी मान हलवली. “मंग ड्रायव्हर तरी काय करन.”

त्यांनी स्वतः तिला खाली घेतलं, बाजेवर निजवलं, लुगडं पायांवर ओढलं. ब्रेकच्या दारात गार्ड उभा होता. गाडीला आधीच उशीर झाला होता, पण त्यानं शिट्टी खिशातच ठेवली. चार जणांनी बाज उचलली.

“तुमी चाला समोर,” डोमाभाऊ त्यांना म्हणाले. “गाडी काहाडून येतो.” आणि झेंडी काखेत घालून सांध्याकडे निघाले.

कोणी पुढे गेलं नाही. बाज पुन्हा खाली ठेवून सगळे गाडी सुटायची वाट बघत उभे राहिले.