शेवंतीला फोन

शेळीच्या कानाला मोबाइल धरून दूध काढण्याचा प्रयोग मी केलेला आहे. हसा खुशाल. पण खरा मूर्खपणा त्याआधीचा. शेवंतीला मी विकलीच कशाला?

मी निडीला शेळ्या-कोंबड्या पाळते. ही गोष्ट घडली तेव्हा माझे केस काळे होते आणि अक्कल कोवळी. रोह्याला ट्रेनिंग केलं. सर म्हणाले, "फार्म म्हणजे बिझनेस. जनावरात जीव गुंतवायचा नाही. लाडकी असेल तीच आधी विका, म्हणजे सवय होईल." मी ते वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि आठवड्याभरात शेवंतीला विकून मोकळी झाले. मोठी बिझनेसवाली!

घेतली नागोठण्याच्या जमीलाआपाने. तिचा नवरा कतारला, त्यामुळे मोबाइल कायम हातात. तिसऱ्या दिवशीच फोन आला.

"बाय गो, तुझी शेळी पेलाभर दूध देते आणि थांबते. कास तर भरलेली हाय."

पान्हा चोरत होती. म्हणजे कासेत दूध असतं, पण हात आणि आवाज ओळखीचा नसला की जनावर ते खाली सोडत नाही. असं फार दिवस तुंबलं तर कास दगडासारखी होते, कधीकधी कायमची जाते.

हे सगळं ठाऊक असून मला आधी आनंद झाला. लाज वाटते सांगायला.

"तू काय बोलतेस तिच्याशी?" आपाने विचारलं.

काय बोलणार? सासूच्या चुगल्या. सकाळ-संध्याकाळ, पाच वर्षं.

"आपा, स्पीकर लाव आणि तिच्या कानाशी धर," म्हटलं आणि सुरू झाले. "शेवंते, ऐक. आज म्हातारीने अंड्यांवर बसलेली कोंबडी उठवली. म्हणते, ही नुसती बसून खाते. आणि बघत होती माझ्याकडे!"

चुलीपाशी बसलेली सासू ओरडली, "जरा मोठ्याने बोल गो, नागोठण्यापर्यंत पोचायला हवं!"

थोडं दूध आलं. मग रोज दोनदा फोन. "काल सासूचं अर्धं राहिलं," आपा म्हणायची, "पुढचं सांग."

पण एक गोष्ट मी मुद्दाम लपवली. करडू पिताना आईच्या कासेला डोक्याने ढुशी देतं. शेवंतीला तशीच हलकी ढुशी लागायची, मुठीने, दोनदा. मग भळाभळा पान्हा. हे सांगितलं असतं तर फोन थांबले असते. मला ते थांबायला नको होते. कधीतरी आपा कंटाळून म्हणेल, घेऊन जा तुझी शेळी, याचीच वाट बघत होते. तिची खुंटी रिकामी ठेवली होती. संध्याकाळी कोंबड्या टोपलीखाली डालून झाल्या की हातात पाला घेऊन मी त्या खुंटीपाशी जायचे. तिथे गेल्यावर आठवायचं.

तीन आठवडे गेले. मग धास्ती बसली. माझ्या हट्टापायी तिची कास गेली तर? पिशवीत दावं टाकलं आणि न सांगता नागोठणं गाठलं.

आपा पडवीत दूध काढायला बसत होती. तिने मूठ वळली. शेवंतीच्या कासेला हलकी ढुशी दिली. दोनदा. भांड्यात फेस चढला. फोन कुठेच नव्हता.

शेवंतीने मला बघितलं. जवळ आली, हात हुंगला, पदराचं टोक चावून पाहिलं आणि परत आपाच्या पाल्याकडे वळली.

"ढुशी कोणी शिकवली तुला?" मी विचारलं.

"शेजारणीचं करडू बघितलं पिताना. केलं तसंच."

दावं पिशवीतच राहिलं. शेवंती शेवटपर्यंत आपाकडेच होती, कासही शाबूत राहिली. नव्या शेळीवाल्यांना आता मी एवढंच सांगते: शेळी विकाल तेव्हा तिच्या खोडीही सांगून टाका, आणि रिकामी खुंटी त्याच दिवशी उपटा. मी उपटली नाही, ते सोडा.

त्या दिवशी निघताना मी आपाला विचारलं, मग रोज फोन कशाला करत होतीस? ती म्हणाली, "शेळी तर आठ दिवसांतच रुळली गो. तू रुळत नव्हतीस, म्हणून लावत व्हते."